साडूंची दुसरी न्याहारी

मोडलेली लग्नं, नापास झालेली पोरं, भावकीतली भांडणं आणि सुटलेली पोटं या सगळ्याचं मूळ सकाळी न खाण्यात आहे, असं छातीठोकपणे सांगणारा कोल्हापुरात एकच माणूस आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा! दमलो बाबा या माणसापुढं. बँकेतला कारकून अंगावर खेकसला, की आपण चिडतो, हे काउंटरवर वाकून विचारणार, "सायेब, आज न्याहारी झाल्याली दिसत न्हाई?" बरं, त्या कारकुनानंही मान खाली घालून "न्हाई झाली" म्हणावं! मग काय, यांना चेवच येतो. "सकाळी उपाशी ऱ्हायलेला माणूस दुपारी दोघांचं जेवतोय, आणि मग अंग सुटतंय," हे ऐकवताना यांचं स्वतःचं पोट स्कूटरच्या हँडलला टेकलेलं असतं. ते दाखवलं, तर म्हणणार, "ह्यो मिसळीचा दोष हाय. मिसळ न्याहारीत धरत न्हाईत, पावणं. ती नुसती तोंडाला चव!"

माझी बायको गेली, त्यानंतर सकाळी गॅस पेटवावा असंच मला वाटेना. चहावर दुपार गाठायची. एकदा दूध आणायला गेलो आणि भोवळ येऊन तिथंच खाली बसलो. दुसऱ्या दिवसापासून साडू सकाळी दारात हजर. "पावणं, लई भूक लागल्या. तुमची मेव्हणी अजून उठली न्हाई. काय तरी करा की!" आता दारात आलेल्या पाहुण्याला उपाशी कसं परत पाठवायचं? वैतागून मी कांदा चिरायचो, पोहे भिजवायचो. पोहे समोर आले तरी हे हात लावत नसत. "तुम्ही बसल्याबिगर घास उतरत न्हाई." रोज तेच. पडून राहावंसं वाटे, आणि हा गृहस्थ बेलवरचं बोट काढायचा नाही. पण भोवळ थांबली, हेही खरं.

परवा मेव्हणी आली. म्हणाली, "दाजी, ह्यांचं वजन लई वाढलंय. डॉक्टरांनी दम दिलाय. रोज उजाडायच्या आत भाकरी-भाजी पोटभर खाऊन भाईर पडत्यात, वर काय खात न्हाईत म्हणत्यात. मग वाढतंय कुठनं?" मी ओट्यावरचा पोह्यांचा डबा हळूच मागं सरकवला. ती गेल्यावर मात्र रडलो.

दुसऱ्या दिवशी लवकर उठून मी एकट्यानंच खाल्लं, आणि साडू आले तेव्हा दार अडवून उभा राहिलो. "आता पुरे. मी खाल्लंय. उद्याही खाईन." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून खरकटी ताटली बघितली. "झ्याक झालं," म्हणाले. पण पायरीवरून हलेनात. रुमालानं मान पुसत राहिले.

"मग सकाळचं मी कुठं जाऊ, पावणं?"

मी बाजूला झालो. बिनसाखरेचा चहा टाकला. एवढासा कप, पण तो आम्ही दोघांनी बराच वेळ पुरवला.