सरपंचबाईंचं ऑपरेशन

आमच्या गावच्या सरपंचबाईंचं कसलंही ऑपरेशन झालेलं नाही, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते. त्या तेव्हाही ठणठणीत होत्या आणि आजही आहेत. ऑपरेशन झालं ते मांजरीचं. एवढं एक वाक्य मी वेळेवर बोलले असते तर पुढचं काही घडलंच नसतं. पण वेळेवर बोलणं हा आमच्या घरात ह्यांचा प्रांत होता. आम्ही लातूरला राहायचो आणि मी जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. तिथे बोलणाऱ्याला गप्प करण्याचा मला पगार मिळायचा.

मागच्या उन्हाळ्यात हे गेले. त्याच्या थोडंच आधी लातूरच्या भाजीबाजारातून मांजरीची दोन पिल्लं घेऊन आले होते, एक शर्टाच्या खिशात आणि एक पिशवीत. (मी कोथिंबीर सांगितली होती.) त्यातलं एक पाटावर बसून सगळ्या घरावर नजर ठेवायचं आणि दुसरं त्याच्या मागे मागे फिरायचं. म्हणून ह्यांनी एकीचं नाव ठेवलं सरपंच, दुसरीचं उपसरपंच. दोघीही माद्या आहेत हे नंतर कळलं, पण पदं तीच राहिली. ह्यांच्यामागे घरात उरलं काय, तर माझी पुस्तकं, ह्यांचे कपाटभर शर्ट आणि ही ग्रामपंचायत. शर्टांना मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

पिल्लं वयात आली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडून दोघींचं ऑपरेशन करून घेतलं. "उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि टाके चाटू द्यायचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. हे दोन्ही वजा केल्यावर मांजर कितीसं उरतं, हे मी विचारलं नाही. गळ्यात घालायला त्यांनी प्लास्टिकचे कर्णे दिले होते. सरपंचने आपला कर्णा रिक्षातच काढून टाकला. उपसरपंच आपल्या कर्ण्यासकट पलंगाखाली अडकून बसली. मी डॉक्टरांना फोन केला.

"मग असं करा, जुन्या शर्टाची बाही कापा. पायांसाठी चार भोकं पाडा आणि अंगात घाला."

जुन्या शर्टाची. मी कपाटापुढे बराच वेळ उभी राहिले. माझ्या ब्लाउजच्या बाहीत मांजरीचा जेमतेम एक पाय मावला असता. शेवटी ह्यांचा निळ्या रेघांचा शर्ट काढला. कात्री चालवताना नीट दिसेना, त्यामुळे भोकं वेडीवाकडी पडली. सरपंचच्या अंगात बाही चढवली, कफाचं बटण मानेवर लावलं, आणि ती जागच्या जागी कलंडली. पाय ताठ, डोळे उघडे. मला वाटलं, गेली. पुन्हा डॉक्टरांना फोन.

"काही झालेलं नाही, बाई. मांजरांना कपडे घातले की नाटकं करतात." (शर्ट ह्यांचाच होता. गुण लागणारच.)

फोन ठेवते तोच कमलचा आला. कमल माझी धाकटी नणंद, मुरुडजवळच्या आमच्या गावातच दिलेली. माझ्या घरी मांजरं आहेत हे तिला माहीत होतं. त्यांची पदं माहीत नव्हती.

"वैनी, काय करायलाव?"

"सरपंचचं ऑपरेशन झालंय," मी म्हणाले. "उपसरपंचचं पण. दोघंही माझ्याकडेच आहेत."

"कसलं ओ ऑपरेशन?"

"तेच. पुढे मुलंबाळं होऊ नयेत म्हणून करतात ते."

"अगं माय. दोघांचं बी? संगटच?"

"एकदमच उरकलं. पण सरपंचचं मला बरं दिसत नाही. निपचित पडून आहे."

"उद्या निघतेच म्या," असं म्हणून तिने फोन ठेवला. कमलला मांजरांची एवढी माया असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात काळीपिवळी जीप थांबली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. कमल, ग्रामपंचायतीचे सदस्य, शिपाई, चार-पाच बाया, आणि सगळ्यांच्या पुढे सरपंचबाईंच्या सासूबाई. हातात शहाळी, बिस्किटांचे पुडे, डब्यात मऊ खिचडी. सरपंचबाई आदल्या दिवशी ट्रेनिंगला म्हणून लातूरला आल्या होत्या, तेव्हापासून त्यांचा फोन लागत नव्हता, आणि त्यात कमलने गावात बातमी दिलेली. हे सगळं मला मागाहून कळलं. तेव्हा मला वाटलं, हे गेल्यावर गावाने माझी किती काळजी घ्यावी!

"कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"आत. टोपलीत."

"टोपलीत?"

"पांघरूण घातलंय," मी धीर दिला.

"मला न इचारता ऑपरेशन करती," सासूबाईंचा आवाज चढला. "बगतेच तिच्याकडं."

दार सताड उघडं होतं. कालपासून मरायला टेकलेली सरपंच त्या आवाजाने उठली आणि निळ्या रेघांच्या बाहीसकट सगळ्या गावाच्या पायांतून बाहेर पळाली.

"सरपंच पळाली," मी ओरडले. "धरा तिला. टाके तुटतील."

सगळ्यांनी वळून रस्त्यावर पाहिलं, पण माणसाच्या उंचीवर. जमिनीकडे कुणीच बघेना. आधी उलगडा झाला तो कमलला.

"वैनी, सरपंच म्हंजे मांजर?"

"मग? तुला फोनवर सांगितलं की."

"मांजर म्हून कवा सांगितलं?"

मी आठवून पाहिलं. सांगितलं नव्हतं.

पण लाज वाटायलाही मला सवड नव्हती. पोटावर ओले टाके असलेलं जनावर रस्त्यावर, वाहनांमध्ये. ह्यांनी मागे ठेवलेलं, हलणारं, श्वास घेणारं असं माझ्याकडे ह्या दोघींशिवाय काही नव्हतं. मी पायरीवरच बसले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं शहाळं खाली ठेवलं.

"उटा ओ बाई. शर्टातलं मांजर लपून लपून कुठं लपतंय?"

सगळे शोधायला लागले. शिपाई गल्लीभर हाका मारत फिरला, "ओ सरपंच, ओ सरपंचबाई!" तेवढ्यात एक स्कूटी येऊन थांबली.

"कामून बोंबलायला? हितंच हाय मी," खऱ्या सरपंचबाई उतरत म्हणाल्या. "फोन चालू केला तर कळलं, माझं ऑपरेशन झालंय. म्हटलं, बगून यावं कशी हाय मी."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. सरपंचबाई मात्र वाकून जिपेच्या मागच्या सीटखाली पाहत होत्या. तिथे सासूबाईंच्या शालीवर सरपंच गाढ झोपली होती. त्यांनी तिला दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. मानेवरचं बटण लागलेलंच होतं. बाहीखालचे टाके जसेच्या तसे होते. (त्या शर्टाचं कापड काही टिकायचं नाही म्हणून मी दुकानातच ह्यांच्याशी भांडले होते.)

"मांजरीला सरपंच नाव कुणी ठिवलं?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी. ती नुसती बसून सगळ्यांवर नजर ठेवते म्हणून," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

"दादा बोलायचे खरं," म्हणून त्या (गावात ह्यांना सगळे दादाच म्हणायचे) इतक्या हसल्या की सासूबाईही हसल्या. मग सगळ्यांनी मिळून आजाऱ्यासाठी आणलेली खिचडी खाल्ली. माझ्या घरात एवढी माणसं ह्यांच्या दहाव्याला आली होती. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

टाके निघाले, बाह्या धुऊन मी घडी करून ठेवल्या आणि सुटले म्हणून बसले, तोच देगलूरहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या मुलीचं आमच्या गावच्या खऱ्या उपसरपंचाशी जमत आलं होतं.

"बाई, पोराचं कसलं तर ऑपरेशन तुमच्याकडं झालं म्हणं. खरं हाय का?"

आता अर्धवट बोलायचं नाही, असं ठरवून मी सगळं सविस्तर सांगितलं. "अहो, अजिबात काळजी करू नका. जखम भरली, टाके निघाले. खाणंपिणं उत्तम आहे. आता सकाळपासून उपसरपंच माझ्या मांडीवरच झोपून आहे."

फोन बंद झाल्यावर लक्षात आलं, मांजर हा शब्द पुन्हा राहिला.

पुढचं कमलने निस्तरलं. लग्न ठरलं आहे. मला आग्रहाचं बोलावणं आहे. फक्त अक्षता टाकायच्या, जेवायचं आणि कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, एवढी अट आहे. मी हो म्हटलं आहे. शेवटी गावाने माझी पात्रता ओळखली.