चाळीस म्हशींचं शेण

जाऊबाई छातीपर्यंत शेणात गेल्या होत्या आणि हातातला दिवा अजून वर धरून होत्या.

"अहो, टाका तो दिवा!" मी काठावरून ओरडले.

"विझंल की," त्या म्हणाल्या.

दिवाळीत उकिरड्यावर दिवा लावायची आमच्या खराडीतल्या घराची रीत होती. दारात चार जनावरं होती तेव्हा उकिरडा म्हणजे घट्ट ढीग. शेण, राख, जनावरांनी टाकलेली वैरण, पाला, सगळं थरावर थर पडून वर्षभर कुजायचं. वर चढलं तरी पाय रुतत नसे. मग थोरल्या दिरांनी शहरात दूध घालण्यासाठी चाळीस म्हशींचा गोठा बांधला. एवढं शेण पाटीनं कोण वाहणार? पाइपानं गोठा धुवायचा आणि सगळं पाण्यासकट गोठ्याला लागूनच शेताकडेच्या खड्ड्यात सोडायचं. उन्हानं त्यावर जाड साल धरायची. दिसायला जुना उकिरडाच. जाऊबाई सवयीनं त्यावर चालत गेल्या. दिवा माझ्या हातात असता तर मीही गेले असते.

पुरुष दूध घालायला गेले होते. सासूबाईंना कमी ऐकू यायचं. मी कडब्याच्या पेंढ्या सालीवर टाकल्या, त्यांवर पालथी पडले आणि जाऊबाईंचा हात धरला. निसटला. शेणाचा हात साबणासारखा होतो. तोवर त्या खांद्यापर्यंत गेल्या. दिवा गेला.

"धाकटे, पोरांकडं बघ," त्या म्हणाल्या.

"मी न्हाई बघणार तुमची पोरं. आपली आपण बघा."

आमचं फार पटायचं असं नव्हतं. पण मला आई नव्हती, आणि माझ्या पहिल्या बाळंतपणात सव्वा महिना याच बाईनं मला तेल लावून न्हाऊ घातलं होतं. बोलत काही नसत, नुसत्या चोळत. तेच हात आता शेणात काही धरायला मिळतंय का बघत होते.

मी लुगडं सोडलं. एक टोक गोठ्याच्या खांबाला बांधलं, दुसरं घेऊन खड्ड्यात उतरले आणि त्यांच्या काखेखालून फिरवून गाठ मारली. माझेही पाय तळाला लागेनात. मग त्यांनी मला खालून पेंढ्यांवर ढकललं, मी वरून लुगडं ओढू लागले, आणि पेंढ्यांवरून सरपटत दोघी काठाला आलो. त्यांच्या नाकातोंडातलं शेण मी बोटानं काढलं. म्हशी धुवायच्या पाइपानं त्यांना धुतलं. त्या थरथरत होत्या, तरी मला म्हणाल्या, "आधी काहीतरी नेस, बाई."

सासूबाई काठी टेकत आल्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "झालं का अभ्यंगस्नान?" आणि मग तिथंच खाली बसून रडल्या.

त्या खड्ड्यातलं पातळ शेण दीर दररोज जवळच्या तुकड्यात सोडायचे. पहिल्या वर्षी मका डोक्यावर गेला. पुढं कोथिंबीर उगवेना, उगवली ती कडेनं जळायची. जमिनीवर मिठासारखा पांढरा थर आला, पाणी मुरेना. कोणी बोललं की दीर म्हणायचे, "शेण कधी जास्त होतं का?" त्या दिवाळीत जाऊबाईंनी अंथरुणावरूनच त्यांना सांगितलं, "खड्डा बुजवा, न्हाईतर मी माहेरी चालले. आणि त्या रानाला आता पुरे करा. त्याला अजीर्ण झालंय."

खड्डा बुजला. गोठा धुवायच्या आधी शेण कोरडंच उचलायचं ठरलं. कडब्याचा भुगा आणि शेण असे थर द्यायचे, महिन्यानं ढीग वरखाली करायचा, घाण वास जाऊन मातीचा वास आल्याशिवाय रानात न्यायचं नाही. उरलेलं खत गावात ज्यांच्या दारात जनावरं नव्हती त्यांनी गाड्या भरून नेलं. ढीग हलवायचं काम आम्हा दोघींचं. मी दमले की त्या माझ्या हातातलं खोरं काढून घ्यायच्या आणि "रेटत नसंल तर बस" म्हणायच्या. त्यांचं प्रेम एवढंच बोलायचं.

त्या तुकड्याला दोन वर्षं शेण दाखवलं नाही. विहिरीचं गोडं पाणी दिलं, ताग पेरून हिरवाच मातीत गाडला. तिसऱ्या वर्षी कोथिंबीर मार्केट यार्डात गेली. आज तिथं कचेऱ्या आहेत.

खड्ड्यात आम्ही दोघी होतो. दोघी जगलो.