एका मापाचे बारा डबे

“उघडायचं नाही. आधी वाच.”

भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळच्या आमच्या बिल्डिंगमध्ये हे वाक्य मी भिंतीतून रोज ऐकलं. बोलणारी शेजारच्या भाड्याच्या घरातली वहिनी. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची. जालन्याकडे मराठी शाळेत नववीपर्यंत शिकलेली. मुलगी सानिका मात्र इंग्लिश मीडियमला, सीनियर केजीत.

दिवाळीआधी शाळेने कळवलं, मार्चपर्यंत वाचता आलं नाही तर मुलगी पुन्हा केजीतच बसेल. शनिवारी बाई पालकांना अक्षरांचे आवाज शिकवायच्या. वहिनी अर्धी रजा टाकून जायची, ते वहीत मराठीत उतरवून आणायची आणि पोळ्या लाटता लाटता सानिकाकडून घोकून घ्यायची.

महिन्याभराने मला बोलावणं आलं. सानिकाने मिठाची पिशवी, चहाचा पुडा, साबण, सगळं धडाधड वाचलं.

“बघा ताई! आता कोण बसवतंय हिला केजीत?”

मी खात्री केल्याशिवाय कशावरही टिक करत नाही. माझ्या रोजच्या कामांच्या यादीच्या मागे मिठाचा तोच इंग्रजी शब्द लिहून दिला. सानिकाने कागद उलटसुलट केला.

“आंटी, याचा निळा रंग कुठंय?”

वहिनीने गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून पोचे आलेले बारा डबे आणले. सगळे एका मापाचे. केबिन रोडच्या बाजारातून पांढरी चिकटपट्टी आणून प्रत्येकावर आतल्या सामानाचं इंग्रजी नाव घातलं. रोज डब्यांच्या जागा बदलायच्या. सामान सानिकानेच द्यायचं. डबा हलवायचा नाही, वास घ्यायचा नाही.

सानिका पहिलं अक्षर बघून थांबायची. इंग्रजीत मीठ आणि साखर एकाच अक्षराने सुरू होतात, हे आम्हाला चहातून कळलं. वहिनीच्या सासूबाई गावाहून आल्या तेव्हा त्यांना शिऱ्यातून कळलं.

“पोरीला शिकवतीस का आम्हाला मारतीस?”

“आई, तिनं वाचलं तसं झालं. उद्या शेवटपर्यंत वाचंल.”

अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याकडे चहाला जाताना मी घरून पिऊन निघायचे.

मार्चमध्ये बाईंनी पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं दिली. सानिका शेवटपर्यंत वाचत गेली. वहिनी वर्गाबाहेर उभी होती. त्या दिवशीचा चहा गोड होता.

मे महिन्यात वहिनीच्या नवऱ्याची बदली बोईसरला झाली. सामानाचा टेम्पो लागला. माझ्या दाराला दिवसाची यादी असते, ऑफिसच्या सवयीने इंग्रजीत. सानिका त्यावर बोट ठेवून वाचत होती.

“गॅस. बँक. मिल्क. बाय. आंटी, बाय सगळ्यात खाली का?”

त्यांचा निरोप मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. चप्पल घालून मी तिच्याबरोबर खाली गेले.

वहिनीने टेम्पोतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. मी झाकणाला हात घातला.

“उघडायचं नाही, ताई. आधी वाचा.”

शुगर. मी मोठ्याने वाचलं, शेवटपर्यंत.

डबा ओट्यावर आहे. त्या दिवशीची यादीही मी टाकलेली नाही. तिच्यावर एकच टिक आहे, सगळ्यात खाली.