दोन बोटं डावीकडे

मंडळी त्याला पडदेवाला म्हणत, आणि गंमत म्हणजे त्याच्या कामात पडदाच नसे. भिंतींवर, टांगलेल्या कापडाच्या पट्ट्यांवर, चक्क नाचणाऱ्यांच्या अंगावर तो प्रोजेक्टरने चित्रं पाडायचा. नर्तकीने हात उचलला की तळहातातून पाखरं उडाली पाहिजेत. चित्र जरा सरकलं की तीच पाखरं काखेतून निघतात आणि प्रेक्षक फिदीफिदी हसतात.

म्हणून आधी कुणालातरी तासन्‌तास रंगमंचावर उभं करून चित्र जुळवावं लागे. नर्तकींना एवढा वेळ कुठला? उभी राही त्याची थोरली बहीण. आठवडाभर शिलाई मशीनवर वाकलेली ताई सुट्टीच्या दिवशी पांढरा झगा घालून, जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीच्या खुणेवर उभी. "हलू नकोस गं!" अकरा वर्षं त्याचं हेच पालुपद. सगळे तिला पुतळाताई म्हणत, आणि तीही ते हसून खपवून घेई.

जो झोतात उभा असतो त्याला चित्र दिसत नाही, नुसता पांढरा उजेड दिसतो. "एकदा मला समोर बसव ना रे," ती म्हणायची. "पुढच्या खेळाला नक्की," तो म्हणायचा. आणि दर खेळाला तिची खुर्ची कुणातरी बड्या पाहुण्याला जायची.

मग ती खुणेच्या दोन बोटं डावीकडे उभी राहू लागली. पुढे पुढे वीतभर. "पायाखालची पट्टी दिसेनाशी झालीय रे," एकदा म्हणाली. "खाली कशाला बघतेस? समोर बघ," तो खेकसला, आणि त्याने चित्रच वीतभर सरकवलं. दोन कळा दाबल्या की काम फत्ते, आणि खेळाआधी दोन कळांनी चित्र परत जागेवर! केसभर फरक टिपणाऱ्या या गड्याने सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांकडे मात्र कानाडोळा केला.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. झोताचा काही दोष नाही, पण दिसायला कमी झालं तेव्हाच आणलं असतं तर उरलेली नजर राखता आली असती. ते 'तेव्हाच' त्याच्या जिवाला लागलं. कारण तेव्हाची तारीखसुद्धा त्याला ठाऊक होती. चित्र किती सरकवलं आणि कधी, याची नोंद त्याच्या कॉम्प्युटरात होती.

गेल्या महिन्यात दुपारच्या खेळाला त्याने तिला हाताला धरून पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. कॉम्प्युटर कामातल्या जोडीदारावर सोपवला आणि स्वतः शेजारी बसून तिच्या कानात सांगत राहिला. आता निळं पाणी चढतंय, आता पाखरं निघाली, तळहातातूनच निघाली गं. ती ताठ बसून होती, हात मांडीवर. टाळ्या थांबल्या, खुर्च्या रिकाम्या झाल्या, तरी ती तशीच.

"जुळलं का रे?" तिने विचारलं. "आता हलू?"