तक्रारीच्या पानावरचं स्टेटमेंट
कूलरच्या ओल्या गवताचा वास आला की मला पुंडलिकनगरातलं आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आठवतं. दुष्काळ होता, शहर वाढतच होतं, आणि घरोघरच्या टँकरची यादी काढणारा आणि लोकांच्या तक्रारी घेणारा, जावा या संगणकभाषेतला प्रोग्राम मी लिहीत होतो. अजिंठ्याकडची, मेंढपाळाच्या घरातली एक मुलगी माझ्या हाताखाली होती. एकदा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, आपण प्रत्येक घरासाठी नवी क्वेरी पाठवतो. डेटाबेसला ती दरवेळी पहिल्यापासून समजून घ्यावी लागती. प्रिपेअर्ड स्टेटमेंट एकदाच समजून घेतंय, मग नुसता घर नंबर बदलायचा." मी म्हणालो, "हे मेंढरं मोजण्याइतकं सोपं नाय." सगळे हसले, आणि माझं साधं स्टेटमेंटच राहिलं. प्रोग्राम सुरू झाला त्या पहिल्याच सकाळी यादी निघता निघेना. टँकर भरून जागेवर उभे, लोक रिकामे ड्रम घेऊन रस्त्यावर. मी गुपचूप तिलाच कॉम्प्युटरवर बसवलं. तिनं स्टेटमेंट बदललं आणि मिनिटात यादी निघाली. मालकांनी विचारलं, "आधीचं कुणी लिहिलं होतं?" मी तिच्याकडं बोट दाखवलं. मालक तिला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." डबा पिशवीत घालताना ती मला म्हणाली, "सर, तक्रारीच्या पानावर अजून जुनंच राह्यलंय. तेवढं बदला, नायतर तिथं बी अडकंल." मी ते त्याच संध्याकाळी बदललं. आता नव्या पोरांना हे शिकवताना मी सांगतो की ही गोष्ट मला अनुभवातून कळली.