आई येऊन जाते

तिबेटी वसाहतीतल्या दवाखान्यात मी मनाच्या जखमा मोजायचा, परदेशातून आलेला फॉर्म भरून घेत होते. लहानपणीच देश सुटलेल्या डोलमा आजी समोर निवांत स्वेटर विणत बसल्या होत्या.

"गेलेली माणसं स्वप्नात येतात का?"

"येते ना, आई. चहा पिऊन जाते," त्या हसून म्हणाल्या.

फॉर्मच्या लेखी हे दुखण्याचं लक्षण. खूण करताना माझा हात अडखळला. आमच्याकडे आजोबा स्वप्नात आले, की माझी आई सकाळी शिरा करायची आणि दिवसभर गुणगुणत असायची. तिला कुणी कधी आजारी म्हटलं नाही.

मी फॉर्म बाजूला ठेवला. "मग त्रास कधी होतो, आजी?"

सुया थांबल्या.

"बरेच दिवस ती आली नाही, की."