आईच्या लुगड्याच्या मागावर

शिवाजी पेठेत आमची जुन्या कपड्यांची वखार होती. भांडी देऊन कपडे घेणाऱ्या बोहारणी दुपारी गाठोडी आणून टाकायच्या आणि मी वाटणी करायची. धड शर्ट-पँट इस्त्री होऊन आठवडी बाजाराला. मऊ लुगडी वाकळा शिवणाऱ्या बायकांकडं. उरलेलं सुती कापड बटणं, चेन काढून, फाडून, मशिनी पुसायला कागलच्या एमआयडीसीत. चिंध्यांचा धंदा म्हणून लोक नाकं मुरडायचे. मुरडू देत! कोल्हापुरातलं कुठलं कापड कुठं जातंय हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि हे मी आजही छाती ठोकून सांगते.

एमआयडीसीत नवे कारखाने येत होते तेव्हाची गोष्ट. एके दिवशी कागलचा टेम्पो भरत होता आणि एक तिशीतली बाई धापा टाकत आली ती थेट पोत्यांवरच पडली.

"थांबवा टेम्पो! माझ्या आईचं इरकल हाय ह्यात!"

तिची आई नुकतीच गेलेली. आमच्याकडं आईची लुगडी लेकींची, सुनेनं त्यांना हात लावायचा नाही. ही एकुलती लेक. पुढच्या खेपेला नेऊ म्हणून तिनं लुगडं माहेरच्या ट्रंकेतच ठेवलं, आणि वहिनीनं ते बोहारणीला देऊन पातेलं घेतलं.

"पातेल्यापायी हो!" म्हणून ती ढसाढसा रडायला लागली. मला असा संताप आला, वाटलं त्या वहिनीच्या डोक्यातच घालावं ते पातेलं.

"ऊठ आधी," मी म्हणाले. "पोती उसकटू नकोस. इरकलाच्या काठाला रेशीम असतंय, रेशीम तेल पीत न्हाय. माझ्याकडनं इरकल कंपनीत जातच न्हाय. वाकळीला गेलं असणार. माहेर कुठं तुझं?"

तिनं गल्ली सांगितली. त्या गल्लीतली बोहारीण माझ्या ओळखीची, आणि तिच्या गाठोड्यातली लुगडी मी कसबा बावड्याच्या वाकळवाल्या मावशीकडं धाडलेली. बाईला लुनावर मागं बसवलं आणि निघाले.

मावशी अंगणात वाकळ पसरून कडेचे टाके घालत होती. वरच्या थराला हिरवं इरकल, तांबड्या काठाचं. बाई वाकळीपाशी जाऊन बसली. तिनं काठ चाचपला, नाकाशी धरला.

"हेच!"

मला वाटलं, आता ही बघून समाधान मानेल. सबंध शिवून झालेली वाकळ उसव म्हणायला माझीच जीभ रेटेना.

"कंबर मोडली माझी ह्याच्यापायी," मावशी म्हणाली. "बारशाला द्यायची हाय."

"उसवा की," बाई म्हणाली.

मावशीनं मान वर केली. मग "आईचं हाय न्हवं?" एवढंच विचारून तिनं सुई ठेवली आणि ब्लेड काढलं. बारशाच्या वाकळीला दुसरं लुगडं मी पाठवायचं कबूल केलं. तिघी मिळून उसवत बसलो.

लुगडं सुटलं तेव्हा त्याच्या अंगभर टाक्यांच्या भोकांच्या ओळी होत्या. बाईनं ते झटकलं आणि नेसत्या साडीवरनंच खांद्याभोवती घेतलं.

"स्टँडवर सोडू?" मी लुना चालू करत विचारलं.

"न्हाय. माहेरच्या गल्लीतनं घ्या," ती मागं बसत म्हणाली. "आणि वहिनीच्या दारात हॉर्न वाजवा."